पहिला घोट

नंदकाने छिन्नी उचलली आणि तशीच हवेत धरली. दान देणाऱ्याचे नाव कोरून झाले होते, बुधसीह. त्यापुढे ‘यवन’ एवढेच कोरायचे राहिले होते, आणि नेमके तेच त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

पूर्णा नदीकाठच्या स्तूपाला ही शिळा देणारा बुधसीह समोरच मांडी घालून बसला होता. रंगाने सावळा, कमरेला धोतर, बोलणे इथलेच. असा कुठे यवन असतो? नंदकाने भोगवर्धनच्या बाजारात यवन पाहिले होते. पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेले, तांबूस दाढीचे, हातवारे करून भाव विचारणारे.

परसाल एका लबाडाने भलतेच कूळ सांगून त्याच्याकडून दान कोरून घेतले होते. भिक्खूंनी ती शिळा पालथी घातली आणि नंदकाला बजावले, पुन्हा खोटे कोरलेस तर इथे छिन्नी लावायची नाही. तेव्हापासून त्याने धास्तीच घेतली होती.

“तुह्या लोकायची बोली बोलून दाखव,” नंदक म्हणाला.

“येत नाही. बापालेही येत नव्हती.”

“गाव कोनतं तिकडचं?”

“आज्याले माहीत होतं. आजा गेला.”

“मंग यवन काऊन कोरू?”

“बाप म्हणे, आपण यवन.”

नंदक नुसताच हसला. लबाडी याहून सोपी ती काय असणार?

ऊन चढले तशी नंदकाची बायको समिका पाणी घेऊन आली. बुधसीहाने वाडगा घेतला आणि पहिला घोट जमिनीवर ओतला. चार दिवस हेच चालले होते. बायकोने नदीवरून पाणी वाहून आणायचे आणि या गृहस्थाने ते मातीत घालायचे. नंदकाचे डोके फिरले.

“काय करून राह्यला बे? माह्या दगडाले करणी करतं का?”

बुधसीहाने वाडगा खाली ठेवला.

“आजा ओते. बाप ओते. काऊन, ते मले कोनी सांगतलं नाही.”

“नाही ओतलं तं?”

“पाणी घशात अडकते.”

नंदकाला आठवले, भोगवर्धनला ते तांबूस दाढीवालेही प्यायला बसले, की आधी थोडी दारू जमिनीवर ओतत. माजलेत लेकाचे, असे नंदकाला तेव्हा वाटले होते. लबाड असता, तर याने कारण तयार ठेवले असते.

मातीतला ओला डाग सुकत आला, तशी नंदकाने छिन्नीची धार अंगठ्याने पाहिली.

“सरक तिकडं. सावली पडते,” तो म्हणाला आणि छिन्नी लावली.

‘यवन’ ही तीन अक्षरे बाकीच्यांपेक्षा दोन सूत खोल गेली.