नाक खाली असलेला त्रिकोण

वर्तुळात एक लाट.

एक कोपरा उतरता झालेली चौकट.

दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा.

"असलं चिन्ह जगात नाही."

चार नवी वाद्यं, पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधलेली.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना साचा आहे, आणि मोडीत जायला माझा साफ नकार आहे. हिरव्या पारदर्शक प्लॅस्टिकचा, तळहाताहून थोडा मोठा, अंगभर भोकं. भोकाच्या कडेने पेन्सिल फिरवली की कागदावर चिन्ह उमटतं. वर्तुळ काढायचं आणि शेजारच्या भोकातून त्यात लाट काढायची: तिथे आवाज जन्मतो. उतरत्या कोपऱ्याची चौकट त्याची धार कमी करते. त्रिकोण आवाज लहानमोठा करतो, आणि त्याचं नाक ज्या दिशेला, तिकडे आवाज पुढे जातो. ही चिन्हं बाणांनी जोडली की सिंथेसायझरची, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याची, आकृती तयार होते. ती बघून कारागीर वाद्य बांधतात.

इथे खरं तर माझं बालपण यायला हवं. तो कारखाना, ते गरम यंत्र, ते कोरं पाकीट. सोडून देतो. माझ्यासारखे ढीगभर साचे त्या यंत्रातून निघाले, सगळ्यांचं बालपण हुबेहूब तेच. माझं आयुष्य मला जखम झाली तिथून सुरू होतं.

वाद्यं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या तिरप्या टेबलावर मी राहायचो. त्या टेबलावर आकृत्या काढणाऱ्या बाईंना सगळे 'वहिनी' म्हणत. समोरच्या संगणकावर त्यांचा धाकटा दीर बसायचा. तो वहिनी म्हणतो म्हणून मालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळेच म्हणू लागले. वहिनी पेन्सिलने आकृती काढत, दीर तिची संगणकावर स्वच्छ प्रत करी.

आमच्या वाद्यांत एक खोट होती. पट्टीवरून बोट उचललं की आवाज असा तुटायचा, जणू कुणी तोंडावर दार आपटलं. वहिनींनी बरीच खटपट करून एक नवा भाग तयार केला. त्यातून जाताना आवाज हळूहळू विरायचा, आणि अगदी शेवटी जरासा खाली झुकायचा. दमलेलं माणूस खुर्चीत टेकावं तसा. त्यांनी त्या भागाचं नाव ठेवलं 'उसासा'.

आकृती काढायची वेळ आली तेव्हा वहिनींनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. उसाशाचं भोक माझ्याकडे नव्हतं.

"साधा त्रिकोण घाला की, वहिनी," दीर म्हणाला. "कोण एवढं बघतंय?"

"त्रिकोण आवाज लहानमोठा करतो. हा दमतो."

"दमण्याचं चिन्ह नसतं हो."

"मग करू."

त्यांनी दाढीचं पातं मधोमध मोडलं आणि माझ्या रिकाम्या कोपऱ्यात कोरायला घेतलं. त्रिकोणच, पण नाक खाली झुकलेलं. दुखलं. खोटं कशाला सांगू? कड खरबरीत झाली, पेन्सिल अजून तिथे अडते. पण बाकीची भोकं यंत्राने पाडली होती. हे एकच कुणाला तरी हवं होतं म्हणून पडलं.

संगणकातल्या चिन्हांत ते नव्हतं. मालकांना आकृती संध्याकाळपर्यंत हवी होती. दिराने कुणाला न विचारता नाक सरळ करून टाकलं. कारागिरांनी आकृतीत त्रिकोण पाहिला आणि त्रिकोणाचा भाग बसवला. चार वाद्यं तयार झाली.

चाचणीला वहिनींनी पट्टी दाबली, सोडली. दार आपटलं. दुसऱ्या वाद्यावर गेल्या. तिथेही दार आपटलं.

"उसासा कुठाय?"

दीर स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "तसलं चिन्हच नाहीये ना, वहिनी."

"अहो, आवाज येतोय, बंद होतोय," मालक म्हणाले. "आणखी काय पाहिजे? उद्या माल जायचाय. गिऱ्हाइकाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना."

"मग काय, चारही तुम्हीच विकत घेता?"

"नाही. चारही उघडते."

वहिनींनी मला आणलं, छापील आकृती खोक्यावर पसरली आणि सरळ त्रिकोणावर लाल शाईने झुकलेला त्रिकोण काढला.

"असलं चिन्ह जगात नाही," मालक म्हणाले. "बाहेरच्या माणसाने हे वाचायचं कसं? चिन्ह सगळ्यांना कळावं म्हणूनच असतं."

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. मी स्वतः साचा आहे, मला ते कळतं.

"विचारेल तो," वहिनी म्हणाल्या. "विचारलं की सांगेन."

"सरळ त्रिकोण ठेवा, नाहीतर टेबल रिकामं करा."

वहिनींनी टेबल रिकामं केलं. मला चष्म्याच्या घरात सरकवलं आणि जिना उतरल्या.

ती चार वाद्यं तशीच गेली. विकली गेली. एकानेही तक्रार केली नाही. हेही मी लपवत नाही.

आता वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाद्यं बांधतात, एका वेळी एकच. प्रत्येक आकृतीत नाक खाली असलेला त्रिकोण असतो आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'इथे आवाज दमतो.' शिकायला येणारी मुलं विचारतात, वहिनी वाजवून दाखवतात. दीर अजून त्याच कंपनीत आहे. रोज रात्री याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्हा जुन्या वस्तूंनी हात जोडायचे असतात: आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मी हात जोडणार नाही, अट घालतो. माझ्या भोकांत बसेल तेवढंच सुचू द्यायचं असेल, तर मला हात लावू नका. पण तुम्ही केलेल्या गोष्टीला माझ्यात जागा नसेल, तर पातं घ्या, बोटं सांभाळा आणि नवं भोक पाडा. वाकडं पडेल. मला चालेल. कुणी ते सरळ करायला आलं, तर पुन्हा वाकडं काढा, शाईने काढा.

आकृतीच्याही आधी, कंपनीत उसासा पहिल्यांदा वाजला, तेव्हा "वहिनी, परत एकदा" म्हणणारा दीर होता.