जाड्याचा साहेब झाला

एवारिस्तो बोनफान्तीला स्वतःचं नाव ऐकायची सवयच नव्हती. बारशानंतर ते फक्त एकदा उच्चारलं गेलं, लग्नात, आणि तेव्हाही पाद्रीबुवांना कागद बघावा लागला. बाकी पराना नदीकाठच्या त्या गावात लहानथोर त्याला जाड्याच म्हणत. बायको देल्फिना लाडाने म्हणे, दोस्त शिव्यांची फोडणी देऊन म्हणत. क्लबात पाऊल टाकलं की टकल्या निकानोर ओरडायचा, "आला बघा बैल! भिंत पाडा रे, दारातून मावायचा नाही!" आणि काडी उबाल्दो विचारायचा, "मेला नाहीस अजून?" एवढं स्वागत झालं नाही तर एवारिस्तोला जेवण पचत नसे.

त्या मंगळवारी मात्र निकानोर चक्क उठून उभा राहिला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"या एवारिस्तोसाहेब, बसा. तब्येत काय म्हणतेय?"

आपल्यामागून बिशप आलाय की काय, म्हणून एवारिस्तोने वळून पाहिलं. मागे चिटपाखरूही नव्हतं.

"टकल्या, ऊन लागलं का रे?"

"तुमचं आपलं काहीतरीच!" निकानोर हळूच हसला. ज्याच्या हसण्याने नदीपलीकडची बदकं उडायची, तो हळूच हसला!

एवारिस्तोच्या मनात पाल चुकचुकली. आठवड्यापूर्वी त्याने दवाखान्यात रक्त तपासायला दिलं होतं आणि तिथली नर्स निकानोरची मेहुणी होती. म्हणजे ह्यांना सगळं कळलंय.

घरी आला, तर देल्फिना म्हणाली, "एवारिस्तो, सूप गार होतंय."

चमचा त्याच्या हातातच राहिला. "रिपोर्ट आला का गं?"

"बघू नंतर," म्हणत ती लसूण सोलायला बसली. सोललेलाच लसूण पुन्हा सोलत होती!

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. क्लबात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. चहा ओढायला तुंब्यात खोचलेली नळी कुणी हलवायची नसते. ह्याच गुन्ह्यासाठी उबाल्दोने सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरला होता. एवारिस्तोने तुंबा घेतला, नळी धरली आणि लापशी घोटावी तशी गरागरा घोटली. उबाल्दोच्या कपाळावरची शीर लगामाएवढी फुगली. मग तो दात आवळून म्हणाला, "आवडेल तसं प्या हो, साहेब."

मग पत्त्यांच्या डावात एवारिस्तोने तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यांत वरचं पान, सरळ बाहीतून काढला.

"वा, सुंदर खेळलात!" निकानोर म्हणाला.

एवारिस्तोची खात्रीच पटली. एवढी माफी कुणी जित्या माणसाला देत नाही.

रविवारी क्लबाच्या अंगणात मांस भाजायची वेळ आली. देल्फिनाही आली होती. एकतीस वर्षं त्या निखाऱ्यांना त्याच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. तो चिमटा घेऊन उभा राहिला.

"दोस्तांनो, मला सगळं समजलंय. माझ्यामागे ही शेगडी पोरकी व्हायला नको. उबाल्दो, आजपासून निखारे तुझे."

कुणीतरी हुंदका देईल, निदान "असं अभद्र बोलू नका" म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. उबाल्दोने घार झेपावी तसा चिमटा उचलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. निकानोरने एवारिस्तोला मिठीच मारली.

"काय मोठं मन, साहेब! आठवडाभर डोकं खाजवतोय आम्ही, तुम्हाला सांगायचं कसं!"

"मग आता सांगून टाका. किती दिवस उरलेत?"

"कसले दिवस?"

"माझे!"

देल्फिनाने कपाळावर हात मारला.

"अरे, रिपोर्ट मंगळवारीच आला. चरबी जास्त आहे म्हणे, म्हणून जाड्या म्हणायला जीभ रेटेना. तुला आधी सांगितलं असतं, तर इरेला पेटून दुप्पट खाल्लं असतंस."

"मग हे साहेब-साहेब कशाला?"

उबाल्दोने चिमटा पाठीमागे लपवला. "तीन रविवार तू वरून कोळसा आणि आतून हंबरणारी गाय वाढतोयस. चष्मा लावायला तुला लाज वाटते. मागच्या रविवारी तुझं सॉसेज कुत्र्याने हुंगलं आणि खड्डा खणून मातीआड केलं. म्हणून तुला शेगडीवरून उठवायचं आम्ही ठरवलं."

"आणि तोंडात शिव्या येईनात," निकानोर खाली मान घालून म्हणाला. "पोटात कट असला की शिवी घालवत नाही रे. ती साफ मनानेच घालावी लागते."

"आण तो चिमटा इकडे!"

"चारचौघांत दिलेस निखारे. आता बस गुमान!"

एवारिस्तो एकतीस वर्षांत पहिल्यांदा मांस भाजलं जात असताना टेबलाशी बसला. ताटं आली. भाजणाऱ्यासाठी टाळ्या सुरू करायचा मान टेबलावरच्या सर्वांत वडीलधाऱ्याचा, म्हणजे त्याचाच. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो काही सहजासहजी बधणारा नव्हता. त्याने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, डोळे बारीक करून उलटासुलटा पाहिला.

"आत कच्चं आहे," त्याने निकाल दिला.

"तो पाव आहे, आंधळ्या!" सगळं टेबल एकदम ओरडलं.

एवारिस्तोने तो पाव शांतपणे खाल्ला आणि मांसाचं ताट कुठे आहे, ते देल्फिनाला विचारलं.