पहिली सही

चिंचवड स्टेशनजवळच्या सुजितच्या दुकानात जुने कॉम्प्युटर येत आणि नवे होऊन जात. म्हणजे नवं काही होत नसे. बॅटरी बदलायची, कीबोर्डमधला चिवडा झटकायचा, झाकणावर चकचकीत कागद चिकटवायचा आणि विकायचं. कंपन्या आणि क्लासवाले आपले जुने लॅपटॉप ढिगानं देत आणि देताना एकच अट घालत: आमची माहिती आत राहता कामा नये. ती माहिती पुसायचं काम आम्रपाली ओव्हाळ करायची.

लोकांना वाटतं, फाइल डिलीट केली की गेली. आम्रपाली नव्या पोरींना सांगायची, ते नुसतं दारावरची पाटी काढण्यासारखं आहे, माणसं आत तशीच बसलेली असतात. खरं पुसायचं तर अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहावी लागतात. त्याला दोन-अडीच तास जातात आणि मग कुणाचा बाप आला तरी काही परत येत नाही. शेवटी मशीनचा नंबर घालून सर्टिफिकेट छापायचं आणि खाली सही करायची. मोबाइल सकाळीच दाराशी पेटीत ठेवायचा, आणि कुणाच्या फाइली उघडायच्या नाहीत, हा दुकानाचा नियम. तीन वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता आणि याचा तिला बराच ताठा होता.

ताठा हा त्या घरातला जुना आजार. तिचे वडील भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले, एकदाही लेट मार्क नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून बसायचे. त्यांचं म्हणणं एकच: कंपनी कामाच्या माणसाला काढत नाही, ज्याला काढलं त्याच्यातच खोट. आणि त्यांच्या धाकट्या मुलाला, सोनूला, दोन वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीतून काढलं होतं. कंत्राटी होता. काम कमी झालंय म्हणाले आणि गेट पास काढून घेतला. मग तो चाकण, महाळुंगे, तळेगाव फिरला. सगळीकडे फॉर्म भरून घेत, उद्या ये म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर जागा भरल्याचं सांगत. अकरा ठिकाणी असं झालं. आता तो पहाटे वाकडच्या सोसायट्यांमध्ये इंजिनिअर लोकांच्या गाड्या धुवायचा.

भिवा त्याच्याशी बोलत नसत. गेल्या महिन्यात देहूरोडची माणसं सोनूला बघायला आली. मुलगी नर्सिंग शिकलेली, चांगलं घर. पोहे झाले, चहा आला, आणि भिवांनीच पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी देऊ नका. ह्यो कुटं टिकत न्हाई." पाहुणे कप तसेच ठेवून उठले. आम्रपाली दारात उभी होती. आबा कडू बोलले पण खोटं नाही बोलले, असं तिलाही मनातून वाटलं होतं.

त्या मंगळवारी चाकणच्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून चौदा लॅपटॉप आले. कंपन्यांना कंत्राटी पोरं पुरवणारा माणूस. पुसण्याआधी मशीन चालू करून स्क्रीन आणि बटणं तपासावी लागतात. सहाव्या मशीनवर समोरच एक फोल्डर दिसलं, 'नॉट टू टेक'. घेऊ नये. चाकणचा कॉन्ट्रॅक्टर आणि घेऊ नये, एवढं एकत्र वाचल्यावर तिचा हात थांबेना. तीन वर्षांचा नियम एका क्लिकवर गेला.

आत यादी होती. दोनशेवर नावं, बापाचं नाव, आधार नंबर आणि शेवटी शेरा. दारू पितो. ओव्हरटाइमला नाही म्हणतो. लेबर कोर्टात गेला. दर महिन्याला ही यादी आसपासच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांना जायची, तसं वरच लिहिलं होतं. तिनं शोधायच्या रकान्यात ओव्हाळ टाइप केलं. सोनू भिवा ओव्हाळ. शेरा: लीडर, सह्या गोळा करतो.

सोनू आणि लीडर! रिक्षावाल्याला 'थांब' म्हणायला लाजणारा पोरगा. तिला हसूच आलं असतं, पण शेजारी एक स्कॅन केलेला कागद जोडलेला होता. तो उघडला. तो एक अर्ज होता, आणि अक्षर तिचं होतं.

वस्तीत अर्ज आम्रपालीच लिहायची, दहावीत असल्यापासून. नळ हवा, दिवा हवा, गटार तुंबलं, की एक अर्ज आणि खाली जमतील तेवढ्या सह्या. महापालिकेतला साहेब मजकूर वाचत नाही, सह्या मोजतो, हे वस्तीला पुरतं ठाऊक होतं. नळ असाच आला, विहारापुढचा दिवा असाच आला. म्हणून दोन वर्षांपूर्वी सोनू जेव्हा म्हणाला, चौदा एप्रिलची सुट्टी सुपरवायझरला तोंडी मागून बघतो, तेव्हा तिनंच त्याला झापलं. "एकट्यानं कशाला हात पसरतोस? वस्तीतले नऊ जण आहात त्या कंपनीत. सगळ्यांनी मिळून मागा, कागदावर मागा." अर्ज तिनं लिहिला, अगदी नम्र. जयंतीची सुट्टी मिळावी, बदल्यात आम्ही सर्व जण रविवारी येऊ. पोरं पेन एकमेकांकडे सरकवत बसली, तर तिनं सोनूच्या हातात कोंबलं. "कर तू पहिली."

सुट्टी मिळाली होती. मे महिन्यात एकेक करून नऊही जण घरी बसले. दोन्हीचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण साध्या अर्जानं माणसाची नोकरी जाते हे त्यांच्या गावीच नव्हतं.

तिनं ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला आणि सगळं फोल्डर त्यावर घेतलं. आबा छापील कागद मानतात. हे समोर ठेवलं की त्यांचं तोंड बंद, देहूरोडच्या माणसांकडे स्वतः जाऊन माफी मागतील. मग तिला रंभाकाकू आठवली. तिचा मुलगा बुद्धरत्न त्या नऊतलाच. तो कामासाठी वापीला गेला तो वर्षभर घरी फिरकला नाही, आणि काकू नळावर रोज कुणाला ना कुणाला शिव्या घालते. यादी आबांना दाखवली की संध्याकाळपर्यंत वस्तीभर होणार. सह्या म्हणजे कसल्या सह्या? कागद कुणी लिहिला? नऊ घरं तिच्या दारात उभी राहणार, आणि सगळ्यांत पुढे आबा.

"आम्रपाली, ते चौदा आज जायचेत हं," सुजित काउंटरवरून म्हणाला.

"झालंच," ती म्हणाली. तिनं पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप, दोन्हींवर शून्यं लिहिणारा पुसायचा प्रोग्राम लावला. सगळं कायमचं जाईल, नक्की ना, असं मशीननं दोनदा विचारलं. तिनं दोनदा हो केलं. नियम म्हणजे नियम, नोकरी गेली तर घर कोण चालवणार, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण कारण नियमाचं नव्हतं. तिला लाज वाटली आणि भीती वाटली. भाऊ दोन वर्षं जे गिळत होता, ते एक संध्याकाळ गिळायची तिची तयारी नव्हती. अडीच तासांनी तिनं सर्टिफिकेटवर सही केली.

संध्याकाळी सोनू विहाराच्या कट्ट्यावर बसला होता. आबा घरात असले की तो तिथंच बसायचा. ती शेजारी बसली आणि अर्धंच सांगायचं ठरवून बोलली. कॉन्ट्रॅक्टरांची एक यादी असते, त्यात तुझं नाव आहे, मी आज डोळ्यांनी बघितलं, तुझी काही चूक नाही.

"माहितीये मला," सोनू म्हणाला.

महाळुंग्याच्या एका गेटवर ज्ञानदेव नावाचा वॉचमन होता, परभणीकडचा. त्यानं दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं. भावा, पेट्रोल जाळू नको, त्या सह्यांच्या कागदानं तुझं नाव सगळीकडे गेलंय.

"मग घरी का नाही बोललास?"

"कागद तुझ्या अक्षरातला, ताई. आबानं तुला सोडलं असतं का? रंभाकाकूनं? मला तर शिव्या बसतच होत्या. दोघांनी कशाला खायच्या?" तो जरा हसला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसला. "पण आता बरं झालं. नुसती यादी दाखवू आबाला, तो अर्ज नको दाखवायला. तुझं नाव कुठंच येणार नाही. प्रिंट आणलीस ना?"

"पुसलं मी," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

"माझं नाव बघितल्यावर?"

तिनं होय म्हणून मान हलवली. सोनूनं पायात चपला सरकवल्या. मग चालतंय म्हणाला आणि उठला.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसली तेव्हा तिनं सांगून टाकलं. यादी, शेरा, अर्ज, आपलं अक्षर, पहिली सही करायला लावली ती, सगळं, काही मागे न ठेवता. भिवांनी घास हातात धरून ऐकून घेतलं.

"कागद दाव," ते म्हणाले.

"नाही आबा. मशीन पुसलं."

"कुनी?"

"मीच."

भिवांनी हातातला घास ताटात ठेवला. हळूहळू त्यांचा चेहरा निवळला, एकतीस वर्षांच्या नोकरीचं बोलताना निवळायचा तसा. "भावाला पाठीशी घालाया समदं अंगावर घेतीस व्हय?" ते म्हणाले. "लई मोठं मन हाय तुजं." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "आता बहिणीला बी खोटं बोलाया लावाय लागला. येवढी बी लाज न्हाई उरली."

"आबा, खरं सांगते मी."

"जेव तू," भिवा मायेनं म्हणाले आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात ठेवली.

तिनं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा सोनूनं पहिल्यांदा मान वर केली.

"नको ताई," तो हळूच म्हणाला. "तू जेवढं सांगशील तेवढा मीच खोटा पडतो."