पाच बटणं

सात वाजता अनुसूयाने इडल्या काढल्या, लेक श्रीविद्याच्या शर्टाची पाचही बटणं लावली आणि विशेष शाळेच्या तक्त्यावर 'स्वतः कपडे घालते' यापुढे रोजच्यासारखी बरोबरची खूण केली. व्हॅन चुकू नये म्हणून तीन वर्षं हेच चाललं होतं. मार्चमध्ये शाळा संपणार होती. त्या खुणांवर विसंबून शाळेच्या बाईंनी यशवंतपूरच्या पॅकिंग युनिटमध्ये श्रीविद्याची कामाची जागा ठरवली होती. आता खरं सांगावं, तर ती जागा जाणार.

"अम्मा, तिथे बटणं कोण लावणार?" अठरा वर्षांच्या लेकीने विचारलं.

खाली हॉर्न वाजला. अनुसूयाने खूण खोडली, बटणं पुन्हा सोडली आणि खिडकीतून ड्रायव्हरला सांगितलं, "अण्णा, तुम्ही निघा. आम्ही मागाहून येतो."

मग दोन्ही हात मांडीखाली दाबून ती लेकीसमोर बसली.