बाबुरावांचे वजा गुण

कोपरीतल्या कॅरम क्लबात गुणांवरून दरवर्षी भांडणं व्हायची, म्हणून यंदा दिशाने सगळ्यांचे गुण ब्लॉकचेनवर ठेवले. ती स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लिहायला शिकत होती. एकदा चढवलेला प्रोग्रॅम मागाहून कुणालाच बदलता येत नाही, हे क्लबाला पटलं. बोर्ड जिंकला की गुण मिळायचे, स्ट्रायकर भोकात गेला की एक कापला जायचा.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात यादीत सगळ्यात वर बाबुराव काकांचं नाव आलं. नावापुढचा आकडा मोबाइलच्या स्क्रीनवर मावेना. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काकांचा हात थरथरायचा. ते एकही बोर्ड जिंकले नव्हते. पोरं हसली. काका घरी गेले.

दिशाने कोड उघडला आणि चूक समोरच दिसली. गुणांसाठी तिने अनसाइन्ड प्रकार घेतलेला, ज्यात शून्याखालची संख्या बसतच नाही. वर ब्लॉकचेनवर दर नोंदीला लागणारी फी वाचवायला, आकडा मर्यादेबाहेर जातो का ही तपासणीही बंद ठेवलेली. काकांच्या शून्यातून एक वजा झाला आणि आकडा उलटा फिरून थेट सगळ्यात मोठ्या संख्येवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या घरी गेली. कलावती काकूंनी चहा ठेवला. दिशाने सगळं समजावलं, माफी मागितली. नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये गुण शून्यावरच थांबतील, कुणीच खाली जाणार नाही, असंही सांगितलं. क्लबाचा सेक्रेटरी धनेश यालाही तेच बरं वाटत होतं.

काकांनी विचारलं, "शून्यावर आणखी कोण आहे?"

"नाव घालून एकदाही खेळायला न आलेले. बाकी सगळे थोडंफार जिंकलेत."

"मग मला त्यांच्यात नको बसवूस. मी खेळलोय गं. हरलो ते हरलो. वजा असतील तर वजा लिही."

काकांची लाज राखतोय असं वाटून आपण त्यांचं खेळणंच पुसायला निघालो होतो, हे दिशाच्या ध्यानात आलं.

जुनं कॉन्ट्रॅक्ट बदलता येणार नव्हतं, म्हणून तिने नव्यात प्रकार बदलून साइन्ड केला, ज्यात वजा-अधिक दोन्ही बसतं, नीट तपासला आणि सगळ्यांचे गुण पुन्हा भरले. धनेश थोडा कुरकुरला, मग तयार झाला.

पुढच्या शनिवारी यादीच्या तळाशी बाबुरावांपुढे वजा चार होते. काकांनी चष्मा लावून पाहिलं.

"पाच पाहिजेत," ते म्हणाले. "मंगळवारचा माझा फाउल भरायचा राहिलाय तुझा."

दिशाने तो भरला. काकांनी खुर्ची ओढली आणि समोर कोण बसतंय म्हणून विचारलं.