बसताईच्या जागी बसलेला माणूस

मित्रांनो, मी डॉक्टरबाईंच्या टेबलाजवळचं एक जुनं स्टूल आहे, आणि सध्या फार संतापलेलं आहे.

मला घडवताना सुतार माझ्या कडा पुन्हापुन्हा घासत म्हणाला होता, "बसणारा आधीच दुखणं घेऊन येणार, त्याला टोचायला नको." पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला. कुणी दुरुस्त केला नाही, खाली पुठ्ठा सरकवला. त्याचा मला राग नाही. राग आहे तो बसताईच्या नवऱ्याचा, आणि थोडा डॉक्टरबाईंचाही.

बसताई शाळेची बस चालवायची, म्हणून सगळे तिला बसताईच म्हणायचे. तिच्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. डॉक्टरबाईंनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी माझ्यावर येऊन बसला तो तिचा नवरा!

"त्या कुठे आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाहेर बसवलंय. हळवी आहे हो ती. काय ते मला सांगा."

डॉक्टरबाई घुटमळल्या, पण बोलल्या. "कॅन्सर आहे. मात्र लवकर सापडलाय. नुसती गाठ काढून मग किरणांचे उपचार देता येतील, किंवा पूर्ण स्तन काढता येईल. त्यांच्या बाबतीत जगण्याची शक्यता दोन्हींत सारखीच आहे. तेव्हा निवड त्यांनीच करायची."

"मी सांगतो ना घरी."

आणि डॉक्टरबाईंनी मान डोलावली! मला तोंड असतं तर मी खोली दणाणून सोडली असती.

पुढचं मला नंतर तिच्याच बोलण्यातून कळलं. घरी त्याने सांगितलं, साधी गाठ आहे. जाऊबाईंनी कुठलासा लेप आणून दिला. दवाखान्यातून फोन गेले, तेही त्यानेच उचलले आणि "येतो, येतो" म्हणत टोलवले.

अखेर स्तनाची कातडी आत ओढली गेली, तेव्हा बसताई एकटीच आली.

"इतके महिने कुठे होतात?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"का? साधीच गाठ होती ना?"

डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी सगळं सांगितलं. "मी तुम्हाला आत बोलवायलाच हवं होतं," असंही म्हणाल्या. बसताईने माझी कड इतकी घट्ट धरली की लाकूड करकरलं.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आत शिरला. "अगं, तू घाबरशील म्हणून..."

"बसभर पोरं घेऊन रोज घाट उतरते मी! घाबरलात तुम्ही, आणि नाव माझं पुढे केलंत. बाहेर थांबा."

तो बाहेर गेला. मग तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. गाठ आता मोठी होती. आधी केमो देऊन ती लहान करून बघायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. केस गेले, तोंड आलं, जिने चढवेनात. तरी गाठ पुरेशी आटली नाही. पूर्ण स्तन काढावा लागला, त्यावर किरणांचे उपचारही घ्यावे लागले.

आता ती पुन्हा बस चालवते. ऑपरेशनच्या बाजूचा हात मधूनच सुजतो. तपासणीला येते तेव्हा लोक म्हणतात, "वाचली ना? मग झालं तर!" नाही, झालं नाही! सुरुवातीला तिच्यापुढे दोन वाटा होत्या. त्यांतली एक तिला न दाखवताच बंद केली गेली.

मित्रांनो, तुमच्या आईला, ताईला, मावशीला असं दुखणं झालं, तर जरूर सोबत जा. पाणी द्या, हात धरा. पण माझ्यावर बसायचं तिने. डॉक्टरांनी बोलायचं तिच्याशी. आणि उत्तर द्यायला तिला वेळ लागला, तर तुम्ही गप्प उभे राहा.