लिंबू-मिरचीची तार

"योगेंद्र, घरातली जाड गोधडी आण."

"आई, हवे मूक ने, सोड आते. नऊ वाजता गाडी लेवाले भंगारवाला येई."

"मंग नऊ लोंग ती मनीच शे ना? आण."

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीत, दारापुढे पुष्पाबाई स्कूटरशेजारी फतकल मारून बसल्या होत्या. स्कूटर त्यांच्या यजमानांची, धुडकूभाऊंची. ते लूमखात्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. यंत्र रुसलं की इतर जॉबर शिव्या द्यायचे, हे कान लावून ऐकत बसायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून पुष्पाबाई त्याच स्कूटरवर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जात, कारखान्याच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांच्या पोळ्या लाटायला. सातला तवा तापायला हवा, आणि तिकडची पहिली बस पोचते पावणेआठला. गाडी गेली की काम गेलं, हे योगेंद्रला पटत नव्हतं. "घरी बैस आता," एवढंच तो म्हणे.

महिनाभर गाडी वाटेल तिथे बंद पडत होती. मेकॅनिकने दोन प्लग बदलले आणि तिसऱ्यांदा 'नवी घ्या' म्हणून मोकळा झाला.

पुष्पाबाईंनी सकाळपासून एकेक गोष्ट पाहिली होती. पेट्रोलची नळी काढली, पेट्रोल धो धो आलं. प्लग काढला तर तो ओला, म्हणजे आतही पोचत होतं. प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून चारदा किक मारली, तर ठिणगी एकदा आली, तीनदा नाही. म्हणजे वाटेतच कुठेतरी पळत होती. त्यांनी प्लग परत बसवला. धुडकूभाऊ म्हणत, "उजेडमा ती दिसत नही. अंधारमा देख."

शेजारच्या मालतीबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काय वं, गाडीले थंडी वाजी ऱ्हायनी का?"

"तापच शे तिले. देखस मी," म्हणत पुष्पाबाई गोधडी पांघरून गाडीवर वाकल्या. "मार रे किक."

योगेंद्रने किक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गोधडीखालून आवाज आला, "थांब."

निळी रेघ त्यांना स्पष्ट दिसली होती. प्लगच्या जाड वायरीतून ती लिंबू-मिरचीच्या तारेवर उडी मारत होती आणि तारेवरून गाडीच्या सांगाड्यात.

दर शनिवारी धुडकूभाऊ तिथेच लिंबू-मिरची बांधायचे, पण दोऱ्याने. दोरा आठवड्यात कुजायचा, खड्ड्यांच्या हिसक्याने लिंबू पडायचं. ते गेल्यावर पुष्पाबाईंनी लोखंडी तार घेतली आणि दोन वेढे देऊन आवळली. मागे राहिलेल्या गाडीला तरी काही होऊ नये, म्हणून. त्या तारेनेच वायरीचं रबर कापलं होतं.

"कोनी नजर लागनी ते समजनं," त्या म्हणाल्या. "मनीच."

पकडीने तार तोडली. वायर पुसून तिच्यावर काळी टेप गुंडाळली. दुसऱ्या किकला गाडी धूर ओकत सुरू झाली. योगेंद्रने गोधडी झटकून घडी केली.

नऊला भंगारवाला आला. पुष्पाबाईंनी गंजलेली तार त्याच्या हातगाडीत टाकली.

"बस, इतना ही?"

"इतनाच था."

सोमवारी पहाटे त्यांनी धुडकूभाऊंच्या हत्यारांच्या डब्यातून दोरा काढला आणि नवं लिंबू वायरीपासून दूर, पुढच्या बाजूला बांधलं. गाठ धुडकूभाऊंसारखी बसेना. दोनदा सोडली, दोनदा बांधली. मग तशीच राहू दिली आणि किक मारली.